पहिली फुल मॅरेथॉन: पाय ऐकतात, डोकं ऐकत नाही

सातरस्ता (धागाकर्ता) | १७ नोव्हेंबर, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईची फुल मॅरेथॉन आहे, म्हणजे ४२ किलोमीटर. नाव नोंदवलंय, पैसे भरलेत आणि चार लोकांना सांगूनही बसलोय, त्यामुळे परतीचे दोर कापलेले आहेत. याआधी साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन (२१ किलोमीटर) केली, यवतेश्वरचा घाट चढून उतरलो. कालचा लाँग रन २६ किलोमीटरचा झाला. गुडघे ठीक, पोटऱ्या ठीक, नखं जागच्या जागी. तेव्हा कृपा करून बूट, गुडघे आणि प्रोटीन यावर प्रतिसाद नकोत. त्याचे धागे इथे ढिगाने आहेत.

मला विचारायचंय ते डोक्याबद्दल.

शनिवारी दुपारचं जेवण झालं की माझ्या डोक्यात एक वकील येऊन बसतो. सोमवारी स्टॉक ऑडिट आहे, दमून कसं चालेल? या आठवड्यात झोप कमी झालीय, झोप नसताना पळू नये असं कुठेतरी वाचलंय ना? २६ च्या जागी १८ केले तर कोण विचारतंय? संध्याकाळी स्वयंपाकघरात बाटल्यांमध्ये इलेक्ट्रॉल कालवताना हात उद्याची तयारी करत असतात आणि हा बाबा उद्या न जाण्याची कारणं मांडत असतो. बायको म्हणाली, "जायचं तर जा, नाहीतर झोप. पण असलं तोंड करून घरात फिरू नको."

पळायला लागल्यावर वेगळीच तऱ्हा. पहिले पाच-सहा किलोमीटर "अजून वीस राहिले" हेच चालू. मधे बरं चालतं. काल बाविसाच्या पुढे इथे सोलापुरात विजापूर रोडवर एका टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. नेहमी वाजवतात तसाच. मला इतका राग आला की थांबून त्याच्याकडे बघत राहिलो. मग तो राग टेम्पोवाल्यावरून साहेबांवर गेला, साहेबांवरून मेव्हण्यावर आणि मेव्हण्यावरून त्याला कधीकाळी दिलेल्या उसन्या पैशांवर. घरी येऊन आंघोळ केली, पोहे खाल्ले, सगळा राग गायब.

२६ ला ही गत, तर ४२ ला काय होईल? फुल केलेल्यांनी आपापल्या डोक्याचं काय केलं ते सांगा.

---

उजनी_१००टक्के | १७ नोव्हेंबर, रात्री १०.५२

का बे, पैसे भरून पळलालास, वर आम्हालाच विचारलालास काय करू म्हणून! रविवारी सकाळी हुरड्याला चल, डोकं आपोआप ठिकाणावर येतंय.

---

होटगी_रोड_पहाट | १७ नोव्हेंबर, रात्री ११.३५

उजनी, हुरडा अकराला असतो, लाँग रन आठच्या आत संपतो. दोन्ही जमतं.

सातरस्ता, तुमचा शनिवार ओळखीचा आहे. माझ्या बऱ्याच फुल झाल्या, तरी शनिवार तसाच येतो. मी फक्त त्याच्याशी वाद घालणं सोडलंय. शनिवारी ठरवायला काही उरूच द्यायचं नाही. रस्ता कुठला, किती वाजता, किती किलोमीटर, हे मी सोमवारीच फ्रीजवर लिहून टाकतो. रात्री कपडे, मोजे, घड्याळ, किल्ली, सुटे पन्नास रुपये खुर्चीवर. अलार्म हॉलमध्ये. सकाळी स्वतःला एकच सवलत: बूट घालून दहा मिनिटं पळायचं, तरी नकोसं वाटलं तर परत यायचं. ताप सोडला तर ती सवलत कधी वापरावी लागली नाही.

दुसरं, रस्ता. कंबर तलावाला किंवा पार्कला फेऱ्या मारत लाँग रन करू नका. दर फेरीला घराकडे जाणारा रस्ता समोर येतो आणि दर फेरीला "आता बस" म्हणायची संधी मिळते. त्यापेक्षा एका दिशेने निघा आणि अर्ध्यावरून वळा. तुम्ही विजापूर रोडला आहातच, हत्तूर सोडून पुढे जा. तिकडून लवकर परतायचं तरी पायच लागतात, किंवा एसटी. मला तर तेरा मैल हे ठिकाण फार आवडतं. तेरा मैल म्हणजे एकवीस किलोमीटर. जाऊन-येऊन जवळजवळ फुल. सरावात तेवढं पळायचं नाही हं, बत्तीस बास.

तिसरं. १९७७ साली मॉर्गन आणि पोलॉक या दोघांनी लांब पल्ल्याच्या अव्वल धावपटूंचा अभ्यास केला. त्यांचा अंदाज होता की हे लोक त्रास विसरायला मन दुसरीकडे गुंतवत असतील. निघालं उलटंच. सामान्य पळणारे मनात घरं बांधत होते, गाणी म्हणत होते. अव्वल धावपटू सारखे शरीरावर लक्ष ठेवून होते: श्वास कसा आहे, खांदे आखडलेत का, पाय कसा पडतोय. मी दोन्ही करतो. पहिल्या अर्ध्यात डोक्याला हवं तिथे भटकू देतो. विसाच्या पुढे मात्र खांदे, मुठी, जबडा, पुन्हा खांदे. मुठी घट्ट झालेल्या दिसल्या की समजायचं, मेव्हणा आला.

---

पहाटवारा | १८ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

मेव्हण्यावर फुटले 😀

आता जरा माझं. मी हाफपर्यंत पोहोचले आहे, फुलचा विचार चाललाय, म्हणून हा धागा पहिल्यापासून वाचतेय. होटगी म्हणतात खांद्यांवर लक्ष द्या. दिलं असतं हो! पहाटे पाचला माझं अर्धं लक्ष मागे असतं. बाइक हळू का झाली, गल्लीच्या तोंडाशी कुत्री किती आहेत, पुढचा दिवा चालू आहे की बंद. इयरफोन एकाच कानात, तोही गाणं बंद करून, फक्त कुणी बोलायला आलं तर ऐकू येत नाही असं दाखवायला. उजाडेपर्यंत मी पार्कवर फेऱ्याच मारते. कंटाळवाणं आहे हे मान्य, पण "फेऱ्या मारू नका" हा सल्ला प्रत्येकाला परवडत नाही.

आणि ते वकील प्रकरण. माझ्याकडे शनिवारी वकील येत नाही, सासूबाईंचा चेहरा येतो. त्या काही बोलत नाहीत, वाईट तर मुळीच नाहीत. पण रविवारी सकाळी तीन तास घराबाहेर राहायचं तर आधी चहा, मुलांचं दूध, कणीक सगळं करून निघते आणि पळताना गॅस बंद केला का ते आठवत बसते. आल्यावर शेजारीण विचारते, "वजन किती उतरलं?" एकही किलो नाही, काकू. तरी जाते.

एक उपाय सापडलाय. चौघी बायका मिळून निघतो. गप्पा फार होत नाहीत, वेगही वेगवेगळे आहेत. पण कुणीतरी चौकात थांबलंय म्हटलं की अंथरुणातला वाद तिथेच संपतो, आणि मागे बघायचं काम चौघींत वाटलं जातं.

---

होटगी_रोड_पहाट | १८ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बरोबर आहे तुमचं. आमच्या ग्रुपमध्ये रविवारी एकजण स्कूटीवर पाणी घेऊन मागे असतो. चौघींनी यायचं असेल तर जरूर या, सगळ्यात हळू पळणाऱ्याच्या मागे स्कूटी ठेवू.

---

स्टेथो_आणि_शेंगा | १८ नोव्हेंबर, दुपारी २.२०

ओपीडी संपली, आता सावकाश लिहिते.

सातरस्ता, बाविसाव्या किलोमीटरला मेव्हणा आठवणं हा तुमच्या स्वभावाचा दोष नाही. पळताना साधारण दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे एक किलोकॅलरी लागते. सत्तर किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरसाठी तीन हजाराच्या आसपास. स्नायू आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन देतं ढोबळमानाने दोन हजार. बाकी चरबीतून येतं, पण ते सावकाश येतं. तीस-पस्तीसच्या दरम्यान लोक ज्याला "भिंत" म्हणतात तिचं मूळ इथे आहे. मेंदूलाही ग्लुकोजच लागतं, त्यामुळे साठा घटला की आधी डोकं कुरकुरतं: चिडचिड, रडू, सगळं निरर्थक वाटणं. २६ पळताना तुम्ही काय खाल्लंत ते लिहिलेलं नाही. काहीच नाही, असा माझा अंदाज. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, पहिल्या तासातच सुरू करून. एनर्जी जेल घ्या किंवा खजूर. शेंगांचा लाडू नको, त्यातली चरबी पोटात रेंगाळते (माझं नाव बघून गैरसमज नको).

गंमत म्हणजे २००४ मध्ये एक प्रयोग झाला. सायकलपटूंनी कर्बोदकांचं पाणी नुसतं तोंडात खळखळवून थुंकलं, तरी तासाभराच्या शर्यतीत ते सुमारे तीन टक्के वेगवान ठरले. पोटात काही गेलंच नाही, नुसत्या तोंडातून मेंदूला निरोप गेला. म्हणजे "आता संपलं" ही भावना दरवेळी टाकी रिकामी झाल्याची पावती नसते.

स्टॉक ऑडिटबद्दल. २००९ मध्ये सॅम्युएल मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी १६ जणांना दीड तास किचकट, लक्ष द्यावं लागणारं काम संगणकावर दिलं आणि मग दमेपर्यंत सायकल चालवायला लावली. एरवी ते सरासरी ७५४ सेकंद टिकत, त्या दिवशी ६४०. हृदय, फुप्फुसं, स्नायू यांच्या मोजमापात त्याचं कारण सापडेना. फक्त तेच श्रम त्यांना जास्त जड वाटत होते. म्हणून आकड्यांत डोकं घालून आल्यावर संध्याकाळी अवघड इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं सावकाश असा आलटून-पालटून सराव) ठेवू नका. ठेवलेच आणि जमले नाहीत तर "मी कच्चा आहे" असा निष्कर्ष काढू नका.

एक ताकीद. भीतीपोटी लोक दिसेल त्या टेबलावर पाणी पितात. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यात १३ टक्क्यांचं सोडियम प्रमाणापेक्षा कमी निघालं. जास्त पाणी पिणं हे त्याचं मोठं कारण. तहान लागेल तसं प्या. आणि छातीत दुखणं, गरगरणं, बोलणं अडखळणं या गोष्टी मनाचे खेळ नाहीत. तिथे थांबायचंच.

---

गावठी_गणित | १८ नोव्हेंबर, रात्री ९.०५

सगळं वाचलं. अभ्यास दांडगा आहे सगळ्यांचा. मला मात्र हे "मनाची तयारी" प्रकरण जरा जास्त वाटतं.

आत्ताच कोजागिरी झाली. माझी मावशी साठीच्या पुढची. दरवर्षी रूपाभवानीला नारळ फोडते आणि रात्रभर चालत तुळजापूरला जाते. ४५ किलोमीटर, म्हणजे तुमच्या फुलपेक्षा जास्तच. पायात काही नाही. टेपर (शर्यतीआधी पळणं कमी करणं) नाही, जेल नाही, घड्याळ नाही. हजारो माणसं जातात, रस्त्यावरची गाड्यांची वाहतूक त्या दिवशी वळवावी लागते. यातल्या एकानेही "माझं डोकं ऐकत नाही" म्हणून धागा काढलेला नाही.

यंदा मी तिला विचारलं, मावशी, चालताना काय विचार करतेस? म्हणाली, "विचार कसला? पुढच्या बाईची पाठ बघायची."

---

होटगी_रोड_पहाट | १८ नोव्हेंबर, रात्री ९.३०

मावशींना नमस्कार. पण चालणं आणि पळणं सारखं नाही. आणि मावशींच्या मागे आई तुळजाभवानी आहे. आमच्यामागे वेळ मोजणारी टाइम चिप आहे.

---

पहाटवारा | १८ नोव्हेंबर, रात्री ९.४८

मी गेलेय कोजागिरीला चालत, दोनदा. गणित, एक सांगते. त्या रात्री रस्ता भरलेला असतो. जागोजागी चहा, केळी, पाणी, पायांना तेल लावून देणारी मुलं. आईचा उदो उदो चाललेला. त्या एका रात्री मी मध्यरात्री अडीचला हायवेवर होते आणि एकदाही मागे वळून बघितलं नाही. मावशींना विचार करावा लागत नाही, कारण त्यांच्या वाटचा विचार हजार लोक करत असतात. सातरस्ता भाऊंचा रविवार एकट्याचा आहे. अवघड तेच आहे, किलोमीटर नव्हे.

---

गावठी_गणित | १८ नोव्हेंबर, रात्री १०.१०

हे पटलं. तरी पाठीचा मुद्दा मी सोडणार नाही.

---

यंत्रमाग | २० नोव्हेंबर, रात्री ११.५०

बरेच दिवस नुसता वाचक आहे. माझं उलट उदाहरण नोंदवतो.

दोन वर्षांपूर्वी एका शहरातल्या फुलमध्ये ३४ व्या किलोमीटरला सोडून दिलं. दुखापत नव्हती. पाणी संपलेलं एक टेबल लागलं, पुढे सरळ लांब रस्ता, सावली नाही. मी फुटपाथवर बसलो आणि बसल्यावर इतकं बरं वाटलं की उठलोच नाही. मागून गोळा करत येणाऱ्या बसमध्ये बसलो. आत सात-आठजण होते. कुणी कुणाशी बोलेना, सगळे खिडकीबाहेर पळणाऱ्यांकडे बघत होते. ड्रायव्हरने रेडिओ लावला होता.

घरी कुणी काही म्हणालं नाही. आईने तर "बरं केलंस" म्हणून पाय चेपून दिले. पण पुढचे कित्येक महिने बूट कपाटावर होते, आणि कपाट उघडताना मी वर बघायचो नाही. आता परत सुरू केलंय, दहा-बारा किलोमीटर. फुल करेन की नाही माहीत नाही.

हे घाबरवायला लिहिलेलं नाही. बसलं की उठणं अवघड होतं, एवढं लक्षात ठेवा. चालत राहा, कितीही हळू, पण बसू नका.

---

स्टेथो_आणि_शेंगा | २१ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

यंत्रमाग, लिहिलंत ते फार बरं केलंत. फिनिशर मेडलचे फोटो सगळे टाकतात, बसमधलं कुणी सांगत नाही.

---

सातरस्ता | १५ डिसेंबर, रात्री ९.२०

सर्वांचे आभार. कालचा ३२ झाला. सविस्तर लिहितो, कारण तुमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकाचं काहीतरी वापरलं.

शनिवारी सगळं होटगींच्या पद्धतीने खुर्चीवर मांडून साडेनऊला झोपलो. रात्री दोनला नळाला पाणी आलं. सोलापूरकरांना पुढचं सांगायला नको. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी सोडून झोपणारा माणूस अजून जन्मायचाय. मोटर लावली, टाकी, पिंप, कळशा, बादल्या भरेपर्यंत साडेतीन. वकिलाने जागच्या जागी केस जिंकली होती. पण तेवढ्यात लक्षात आलं की मी जागा आहे, अंघोळीला पाणीही आहे, आणि परत झोप लागणार नाही. चारला निघालो. थोरला सायकलवर बरोबर आला, खजूर आणि पाणी घेऊन. तो मोबाइलवर मॅच बघायच्या कराराने आला होता.

राग आला नाही. डॉक्टर, तुम्ही म्हणालात तसं पाऊण तासाला खजूर चालू ठेवले, मेव्हणा फिरकला नाही. त्याऐवजी दुसरंच झालं. सत्ताविसाच्या पुढे गणित जायला लागलं. मी अकाउंट्समध्ये आयुष्य काढलंय, व्हाउचर बघून बेरीज सांगतो. आणि तिथे ३२ मधून २७ वजा करताना मला एकदा चार आले, एकदा सहा. मग किलोमीटरला साडेसहा मिनिटांच्या पेसने किती मिनिटं लागतील हा गुणाकार सुरू केला, तो अर्ध्यावर विसरून पुन्हा सुरू केला. त्यात एक किलोमीटर कधी गेला कळलं नाही. पोराला विचारलं, "किती राहिले रे?" तो स्क्रीनवरून डोळे न काढता म्हणाला, "तुम्ही पळा हो पप्पा."

शेवटचे दोन किलोमीटर पुढे पाठच नव्हती, म्हणून पोराच्या सायकलचं मडगार्ड बघत पळालो. मावशींना सांगा.

---

उजनी_१००टक्के | १५ डिसेंबर, रात्री ९.२८

पाण्याचं खरंय बे. आमच्याकडं मंगळवारी पहाटे आलंय.

---

स्टेथो_आणि_शेंगा | १५ डिसेंबर, रात्री १०.०२

छान झालं. एक भर घालते. शेवटच्या टप्प्यात स्वतःशी बोलायची दोन-तीन वाक्यं आधीच ठरवून ठेवा. २०१४ च्या एका अभ्यासात २४ जण होते. ज्यांनी दोन आठवडे अशी वाक्यं ठरवून सराव केला ते सायकलवर सुमारे १८ टक्के जास्त वेळ टिकले, आणि श्रमही कमी वाटले. वाक्यं तुमची, तुमच्या बोलीतली हवीत. "यू कॅन डू इट" वगैरे आपल्याला परकं वाटतं. माझं स्वतःचं "चल गं, झालंच" हे आहे, घाट चढताना वापरते.

---

सातरस्ता | १० जानेवारी, रात्री ८.४५

टेपर चालू आहे आणि मी वेडा व्हायचा बाकी आहे. पळणं निम्म्यावर आलंय. त्यामुळे डाव्या टाचेत दुखतंय, उजव्या गुडघ्यात कट-कट वाजतंय, काल घसा खवखवला आणि आज पोटरीत काहीतरी ओढल्यासारखं वाटतंय. पळताना यातलं काहीच नसतं. बायको म्हणते, एवढी चिडचिड मार्च एंडलाही नसते.

त्यात गड्डा तोंडावर आलाय. परवापासून सिद्धेश्वरांची यात्रा. घरात पाहुणे, रस्त्यावर धूळ, सगळीकडे भजी तळल्याचा वास. नंदीध्वजांच्या मिरवणुकीला दरवर्षी पूर्ण वेळ असतो मी, यंदा गर्दीत सर्दी होईल या भीतीने घरात बसू का? आणि टार्गेट काय ठेवू? मनात साडेचार तास आहेत.

---

होटगी_रोड_पहाट | १० जानेवारी, रात्री ९.१०

टाच, गुडघा, घसा, पोटरी. अगदी क्रमाने येतात, माझ्याकडेही याच क्रमाने येतात. इतके महिने शरीराच्या तक्रारी ऐकायला वेळ नव्हता, आता मन रिकामं आहे म्हणून सगळ्यांची सुनावणी चालू आहे. एकाच जागी रोज वाढत जाणारं दुखणं असेल तर डॉक्टर, नाहीतर दुर्लक्ष.

मिरवणुकीला जा हो. सिद्धरामेश्वरांना सोडून घरात टाच धरून बसलात तर जास्त आजारी पडाल. फक्त दिवसभर उभं राहू नका आणि उघड्यावरचं खाऊ नका.

टार्गेटवरून मात्र भांडणार. पहिल्या फुलला वेळ ठरवूच नका.

---

गावठी_गणित | १० जानेवारी, रात्री ९.४०

इथे मी होटगींच्या विरुद्ध. आकडा नसेल तर माणूस ढिला पडतो. मॅरेथॉनच्या जवळजवळ एक कोटी वेळांचा अभ्यास झालेला आहे, चार संशोधकांनी केला होता. चार तासांच्या जरा आत संपवणारे धो-धो, जरा बाहेर संपवणारे एकदम कमी. तीन, साडेतीन, साडेचार, प्रत्येक गोल आकड्यापाशी तेच. म्हणजे शेवटी कुठूनतरी जोर निघतोच, आकडा समोर असला तर.

---

होटगी_रोड_पहाट | १० जानेवारी, रात्री ९.५५

निघतो ना, ज्यांचा आकडा अजून हातात असतो त्यांचा. पंचविसाव्या किलोमीटरलाच साडेचार हातचे गेले तर पुढचे सतरा किलोमीटर कशासाठी पळायचे? तिथे नवखा माणूस तुटतो. त्यापेक्षा पहिली फुल संपवायची. वेळ दुसऱ्या फुलला.

---

यंत्रमाग | १० जानेवारी, रात्री ११.३०

माझा आकडा चार पंधरा होता. फुटपाथवर बसलो तेव्हा तो गेलेला होता. होटगींना अनुमोदन.

---

सातरस्ता | २१ जानेवारी, रात्री १०.१५

झाली. पाच तासांना थोडी कमी. शुक्रवारी रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस, शनिवारी बिब (छातीवर लावायचा नंबर) घेतला, मग नातेवाइकांकडे डाळ-भात आणि आठला अंथरूण. झोप अर्थातच नाही.

पहाटे पाचला सीएसएमटीपाशी अंधारात उभा होतो. वकिलाचा पत्ता नव्हता. इतके शनिवार छळलं आणि खऱ्या दिवशी आलाच नाही, कारण आता ठरवायचं काहीच उरलं नव्हतं. सी लिंकवर वारा होता, आजूबाजूला हजारो बुटांचा आवाज, कुणी बोलत नव्हतं. तिथे मी साडेचारचा हिशोब सोडला. घड्याळाची स्क्रीन मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून टाकली.

सत्ताविसाला भिंत-बिंत काही आली नाही, निव्वळ कंटाळा आला. याची तयारी कुणी करून घेत नाही. कशाचंच काही वाटेना. मग एका गृहस्थाची पाठ धरली. पिवळा टी-शर्ट, मानेवर घामाच्या मिठाचा नकाशासारखा वळ, डावा खांदा जरा खाली. किती वेळ त्याच्या मागे होतो सांगता येणार नाही. तो एकदा पाण्याला थांबला तर मीही थांबलो, तहान नसताना.

पस्तिसाच्या पुढे पेडर रोडचा चढ. ऊन चढलेलं, पण सोलापूरच्या माणसाने मुंबईच्या जानेवारीच्या उन्हाबद्दल बोलू नये. दमटपणा मात्र बोलण्यासारखा आहे. तिथे चाललो. एका आजीबाईंनी गॅलरीतून नाही, खाली रस्त्यावर येऊन, सोललेल्या संत्र्याची फोड हातावर ठेवली आणि बिबवरचं नाव वाचून एकेरीत दम दिला. बसलो नाही, यंत्रमाग. एकदा फुटपाथकडे बघितलं आणि तुमचा रेडिओ आठवला.

माझं वाक्य होतं "हे पण जाईल". डॉक्टर, ते चाळिसाव्या किलोमीटरला मी मोठ्याने म्हणत होतो, शेजारचा एकजण हसला.

शेवटी रडेन असं वाटलं होतं. रडलो नाही. मेडल घेतलं, केळं खाल्लं आणि फोन कुठे ठेवलाय ते शोधत बसलो. खरं विचित्र त्यानंतर झालं. काल ऑफिसला गेलो. साहेबांनी "पहिले आलात का?" विचारलं, पेढे वाटले, दहा मिनिटांत विषय संपला. संध्याकाळी घरी आलो तर काही करायचं नव्हतं. उद्याचा रन नाही, फ्रीजवर कागद नाही. चार महिने ज्याला शिव्या दिल्या ते सगळं एकदम संपलं आणि बरं वाटायच्या ऐवजी ओकंओकं वाटतंय. असं होतं का सगळ्यांना?

---

उजनी_१००टक्के | २१ जानेवारी, रात्री १०.२०

लई भारी! पार्टी कधी देलालास?

---

होटगी_रोड_पहाट | २१ जानेवारी, रात्री १०.३८

मनापासून अभिनंदन! होतं, जवळजवळ सगळ्यांना. दोन-तीन आठवडे राहतं. त्या भरात लगेच पुढच्या फुलचे पैसे भरू नका, हा माझा आग्रह. एक महिना नुसतं हिंडा, घड्याळाशिवाय.

---

स्टेथो_आणि_शेंगा | २१ जानेवारी, रात्री १०.५५

अभिनंदन! झोप आणि जेवण नीट चालू ठेवा. महिन्याभरानेही ओकंओकं राहिलं, झोप उडाली, कशातच मन लागेना, तर ते मॅरेथॉनच्या खात्यावर टाकू नका, कुणाला तरी दाखवा.

---

गावठी_गणित | २२ जानेवारी, सकाळी ७.३०

मावशीला सगळं वाचून दाखवलं. पिवळ्या टी-शर्टपाशी मान डोलावली. मग विचारलं, "एवढे पैसे भरून गेला, तर देवदर्शन कुठलं झालं?" मी म्हटलं सिद्धिविनायक वाटेत लागत असेल. तेवढ्यावर समाधान झालं.

---

पहाटवारा | २२ जानेवारी, सकाळी ७.४२

अभिनंदन सातरस्ता भाऊ! मी पुढच्या वर्षीचं नक्की केलंय, घरात सांगूनही टाकलं. सासूबाई म्हणाल्या, "कणीक मी मळीन, तू आधी चप्पल नीट घे." चप्पल म्हणजे बूट.

पण मधे आख्खा उन्हाळा आहे. मार्चपासून आपल्याकडे सकाळी सातलाच चटके बसतात, मेमध्ये पारा ४३-४४ ला. पहाटे साडेचारला निघणं चौघींना जमेलच असं नाही. उन्हाळ्यात बेस (पळण्याचा पाया) कसा टिकवायचा यावर स्वतंत्र धागा काढते, म्हणजे इथे मिसळणार नाही. होटगी, स्कूटीवाल्यांना पण तिथे बोलवा.

---

होटगी_रोड_पहाट | २२ जानेवारी, सकाळी ८.०५

काढा. तो स्कूटीवाला मीच आहे, यंदा गुडघ्यामुळे मागे बसलोय.